मातीत चालवायची गाडी

बळीराम मास्टरला हळू बोलता येत नसे. वीस-बावीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. घरी जेवताना मीठ मागितलं तरी अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. त्यामुळे त्याच्या सागरने मोटारसायकल मागितली, आणि तीही मातीच्या ढिगांवरून उड्या मारायची, ही बातमी सुरतेतल्या उधन्याच्या त्या चाळीत कुणाला वेगळी सांगावी लागली नाही.

“मातीमा चालाडाले गाडी?” बळीराम म्हणाला. घरात त्यांची अहिराणीच चाले. “मातीमा ते आमना बैल चालेत. त्यास्ले पेट्रोल लागे नही.”

खरं तर घोळ त्यानेच घातला होता. दहावीच्या परीक्षेआधी “पास व्हयना ते जे मांगशी ते देसू” असं तो सगळ्यांदेखत बोलून बसला होता. पोरगा फार तर घड्याळ मागेल, अशी त्याची अटकळ. सागर पास झाला, आयटीआयला लागला, शहाण्णवच्या दिवाळीला सगळे पारोळ्याकडे गावी जाऊन परत आले, कारखान्याचे पट्टे पुन्हा फिरू लागले, तरी पोरगा काही बोलेना. मग बळीरामला भिशी लागली आणि त्यानेच विषय काढला, तेव्हा सागरने ताटातल्या भाकरीकडे बघत सांगून टाकलं.

सागर मागणारा पोरगा नव्हता. नवी चप्पल घ्यायला न्यावं तर जुनीच अजून चांगली आहे म्हणणारा. गेली दोन वर्षं तो दर रविवारी सकाळी डिंडोलीच्या पुढे जायचा. तिथल्या मैदानावर कालव्याच्या खोदकामातली माती ढिगांनी पडली होती, आणि कतारगामकडची काही पोरं हलक्या मोटारसायकली त्या ढिगांवर चढवायची. माथ्यावर पोचली की गाडी क्षणभर जमीन सोडायची. सागर दोन वर्षं कडेला बसून फक्त ते बघत होता आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हे ऐकून बळीरामला राग यायला हवा होता, पण त्याला आतून कसंसंच झालं. आपल्या पोराला एवढं काही हवं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता.

सागरच्या आईचं, रुक्मिणीचं, म्हणणं सरळ होतं. “लेवानीच शे ते रस्तावर चालनारी ल्या. आनि तिले साडीगार्ड लावा. मी काय पाय लोंबकाडीसन बठू का?” मातीतल्या गाडीला साडीगार्ड नसतं, असं सागरने समजावलं. मग ती गाडी घरच्या काय कामाची, असं तिने विचारलं.

लिंबायतला सुकलालचं गॅरेज होतं. सुकलाल बळीरामच्याच गावचा, दोघं एका विहिरीत पोहायला शिकलेले, त्यामुळे त्याच्या बोलण्याला आडपडदा नसायचा. मैदानावरच्या पोरांच्या गाड्या दुरुस्तीला त्याच्याकडेच यायच्या आणि रविवारी तो हत्यारांची पेटी घेऊन तिथे हजर असायचा. भिशीच्या पैशात बसतील अशा दोन गाड्या त्याने बाहेर काढल्या.

पहिली शंभर सीसीची, अंगाने किरकोळ. आरसे, दिवे, पत्रे काढून टाकलेले, मागच्या चाकाला मोठमोठ्या गाठींचा टायर. भिशीचे जवळपास सगळे पैसे तिच्यात जाणार होते. दुसरी जुन्या काळातली, नुसतं लोखंड. कुणा दूधवाल्याने दोन्ही बाजूंना कॅन लावून वर्षानुवर्षं पिदडलेली. ती निम्म्याहून कमी पैशात मिळत होती.

सुकलालने सागरला पहिलीवर बसवलं. दोन्ही पाय नीट जमिनीला लागले. मग त्याला उतरवून त्याने गाडी चक्क आडवी पाडली.

“उचल,” सुकलाल सागरला म्हणाला.

सागरने हँडल धरून गाडी उभी केली. दूधवाल्याची तशीच पाडली तेव्हा दोनदा जोर लावूनही ती त्याच्या गुडघ्याच्या वर येईना. शेवटी सुकलालनेच हात दिला.

“देख बळी,” सुकलाल म्हणाला, “नवशिका पडसच. पडना का त्याले एकलाले गाडी उचलता येवाले जोयजे. पाय टेकाले जोयजे. क्लच सोडा का गाडीनी गुमान चालाले जोयजे, झेप लेवाले नही जोयजे. पैसा कमी पडत व्हई ते यानाथीन लहान ले, पन जड लेऊ नको. आनि हेल्मेटपुरता पैसा मांगे ठेव.”

बळीरामने सगळं ऐकून घेतलं आणि दूधवाल्याच्या गाडीवर हात ठेवला.

पैसे वाचवायला त्याने ती घेतली, असं नंतर चाळीत काही जण म्हणाले. पैसे वाचल्याचं त्याला दुःख झालं नाही हे खरं, पण कारण वेगळं होतं. तो ज्या कारखान्यात मास्टर होता, तिथे मोरीलगत, ओल धरलेल्या कोपऱ्यात मागांची एक जोडी होती. सगळ्या कारखान्यात तितकी खराब दुसरी नव्हती. धागा सारखा तुटायचा, आणि फेकणारी काठी झिजल्यामुळे आडवा धागा नेणारा टोकदार धोटा इकडून तिकडे जाताना मध्येच उसळून बाहेर यायचा. गावाकडून नवीन आलेल्या माणसाला पहिल्यांदा तीच जोडी मिळायची. शेठच्या वडिलांपासूनची रीत होती ती. खराब मागावर ज्याचा हात बसला त्याला पुढे कुठलाच माग अवघड जात नाही, असं जुने कारागीर सांगायचे, आणि सगळ्यांत ठासून बळीराम सांगायचा, कारण तोही तिथूनच आला होता. पहिल्याच महिन्यात धोट्याने त्याचे पुढचे दोन दात नेले होते, आणि आज सगळ्या मागांची देखभाल त्याच्याकडे होती. नवीन माणसाला कुठे उभं करायचं हेही तोच ठरवायचा.

“चांगली गाडी कोनीबी चालाडस,” तो म्हणाला. “मना पोऱ्या हाई चालाडी, मंग कोनतीबी चालाडी.”

सुकलालने कपाळाला हात लावला आणि सागरकडे पाहिलं. सागरची नजर पहिल्या गाडीवर होती. ती त्याने तिथून काढून घेतली. “आबा सांगतस ते बराबर शे,” तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. बापाला त्यातलं कळतं, यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

सागरकडे अजून लायसन नव्हतं, म्हणून गाडी गॅरेजमध्येच राहायची आणि रविवारी सुकलाल ती मैदानावर न्यायचा. बळीरामची त्या दिवसांत रातपाळी; रविवारी सकाळी तो घरी येऊन आडवा व्हायचा तो दुपारपर्यंत. उठल्यावर विचारायचा, “कसं काय?” सागर म्हणायचा, “चालू शे.” त्याच्या पोटरीवर काळेनिळे वळ असायचे, कारण किक मारली की ती उलटी येऊन पायावर बसायची. रुक्मिणी हळद लावताना म्हणायची, “गाडी लिधी, आते एक डॉक्टरबी ली ठेवा घरमा.” बळीरामला ते वळ बघून समाधानच वाटायचं. पोराचा हात बसतोय, असं तो चहाच्या वेळी कारखान्यात सांगायचा आणि त्याला जोडून आपल्या दातांची गोष्टही सांगायचा. ती सगळ्यांना पाठ होती.

थंडी सरत आली तसा सागर रविवारी उशिरा निघू लागला. एकदा त्याचं पोट दुखत होतं, एकदा आयटीआयचं ड्रॉइंग राहिलं होतं. बळीरामच्या डोक्यात काही आलं नाही. एका संध्याकाळी तो पाळीवर आला तर सुकलाल कारखान्याच्या फाटकाशी उभा.

“या रविवारले झोप मोडी टाक आनि मैदानवर ये,” सुकलाल म्हणाला.

“काबर? काय व्हयनं?”

“माले सांगता येवाव नही. तूच देख.”

बळीरामला वाटलं, पोरगा काहीतरी मोठी उडी मारणार आणि सुकलालला ती आधी सांगायची नाही. रविवारी पाळी सुटल्यावर त्याने अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि तसाच डिंडोलीकडे निघाला. रस्त्यात चलथाणच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या लागल्या. एका गाडीवानाला त्याने विनाकारण रामराम घातला, इतका तो खुशीत होता.

मैदानावर पोरं पडत होती. धपकन पडायची, एकमेकांना हसायची, गाडी उचलून माती झटकायची आणि पुन्हा ढिगावर चढायची. त्यांत सागर कुठे दिसेना. बळीरामने डोळ्यांवर हात धरून सगळे ढीग पाहून घेतले. मग त्याला सागर दिसला. मैदानाच्या कडेकडेने, सपाटीवर, पहिल्या गियरमध्ये तो गोल गोल फेऱ्या मारत होता.

“सकाळथून एकबी येळा पडना नही,” शेजारी येऊन उभा राहिलेला सुकलाल म्हणाला. “तीन आठवडा व्हयनात, पडनाच नही.”

गाडी आपल्याला खाली फेकणार आहे हे पक्कं ठाऊक असल्यागत सागर तिला धरून बसला होता. खांदे कानापर्यंत चढलेले, बोटं क्लचवर आवळलेली. आणि ढिगांजवळून जाताना तो मान दुसरीकडे फिरवायचा, ढीग दिसूच नयेत म्हणून.

ती मान बळीरामच्या ओळखीची होती. मागांच्या रांगेतून चालताना धोटा ज्या बाजूला सुटू शकतो त्या बाजूने तो आजही तोंड फिरवून चालायचा. चांगल्या मागांच्या रांगेतसुद्धा. दात गेल्यापासून एकही धोटा त्याच्या वाटेला आला नव्हता, तरीही. तुम्ही असे तिरपे काय चालता, म्हणून रुक्मिणी कधी कधी त्याला चिडवायची, तेव्हा तो कारागिराची सवय म्हणून सांगायचा. ती सवय नव्हती. ती भीती होती, आणि एवढी वर्षं ती त्याने कसब म्हणून मिरवली होती.

त्यामागोमाग आणखी एक गोष्ट आठवली, आणि इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता तो तिथेच मातीत बसला. कोपऱ्यातल्या जोडीवर तो काही शिकला नव्हता. दात गेल्यावर बोचकं बांधून तो गावी निघायच्या बेतात होता. खिडकीजवळच्या मागांवर तेव्हा एक उडिया कारागीर होता. तो डबा उघडून बसला की म्हणायचा, भाई, तब तक मेरा चलाओ. त्या मागाची तेलपाण्याची निगा चांगली होती. धागा तिथेही तुटायचा, पण जोडायला उसंत मिळायची, आणि चुकलं तर माग नुसता थांबायचा. यंत्र आपल्या जिवावर उठलेलं नाही हे बळीरामला त्या मागावर कळलं, आणि हात बसला तो तिथेच बसला. त्या माणसाचं नाव आता त्याला आठवेना. दातांची गोष्ट त्याने शेकडो वेळा सांगितली असेल, पण तिच्यात या माणसाला कधी जागा दिली नव्हती.

“सागर!” त्याने हाक मारली. मैदानावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

सागर गाडी बंद करून आला. बापाला बघून त्याचा चेहरा उतरला होता. “शिकी राहिनू आबा,” विचारायच्या आतच तो म्हणाला. “थोडा टाइम लागी.”

“भेव वाटस?”

“नही.”

“माले वाटस,” बळीराम म्हणाला, आणि तेही सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. “आजबी वाटस. त्या कोपराना मागनी माले काहीच शिकाडं नही, नुसतं भेवाडं. शिकनू ते दुसराना चांगला मागवर. तुले मी उलटं सांगं.”

सागर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. बापाच्या तोंडून असं काही ऐकायची त्याला सवय नव्हती. दोन बोटांनी तो हाताच्या तळव्यावरचा फोड चाचपत होता. मग त्याने विचारलं, “मंग नवीन मानूसले तुम्ही तीच जोडी काबर देतस?”

टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच बळीरामला ते जास्त लागलं. परभणीकडून आलेला बाजीराव नावाचा एक माणूस आठवडाभर त्या जोडीवर होता. दोन लेकरांचा बाप. सुरतेत त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. बळीरामनेच त्याला तिथे उभं केलं होतं, आणि वर हात बसेल म्हणून पाठ थोपटली होती.

“दुसरं कोनी ती लेत नही म्हनीसन,” बळीराम म्हणाला. “नवा मानूसले नही म्हनता येत नही.”

सागरने मान हलवली. त्यालाही नाही म्हणता आलं नव्हतं. सुकलालने गाडीची चावी काढून खिशात टाकली.

दूधवाल्याची गाडी घेतल्यापेक्षाही कमीत गेली. ती हलकी शंभर सीसीची तर कधीच कुणीतरी नेली होती. मग सुकलालने बारडोलीकडून तिच्याहूनही लहान एक गाडी हुडकून आणली. मोपेडच्या वर आणि मोटारसायकलच्या खाली, अशी मधलीच काहीतरी. चाळीतल्या लोकांना विषय मिळाला. “मास्टर, गाडी धुतली वाटतं, आटली,” असं एकाने ओट्यावरून विचारलं. आठवडाभर बळीरामला ते ऐकावं लागलं. उरलेल्या पैशात त्याने हेल्मेट घेतलं. रुक्मिणीने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हिच्याखाली सापडला तरी पोरगा मरायचा नाही, एवढी कबुली दिली.

कारखान्यातलं काम इतक्या सहज झालं नाही. ती जोडी भंगारात काढा, असं त्याने शेठला सांगून पाहिलं. “चाले छे त्यां सुधी चालवा दो ने, मास्टर,” चालताहेत तोवर काढायचे कशाला, अशा सुरात शेठ हसून म्हणाला आणि फोनकडे वळला. बळीराम मास्टर होता, मालक नव्हता. पण माणसं कुठे उभी करायची ते त्याच्या हातात होतं. त्याने बाजीरावला खिडकीजवळच्या मागांवर नेलं आणि कोपऱ्यातली जोडी जुन्या कारागिरांना पाळीपाळीने वाटून दिली. जुन्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आम्ही काय दात पाडून घ्यायला इथे आलोय का, असं एकाने विचारलं, आणि नव्याचे पडले तर चालतात का, असं बळीरामने त्याला विचारलं. पहिली पाळी त्याने स्वतःकडे घेतली. नवी काठी बसवून तो माग सुरू करायला उभा राहिला, तेव्हा त्याची मान आपसूक फिरली. त्याने ती फिरू दिली.

रविवारी तो मैदानावर सुकलालच्या पेटीशेजारी गोणपाटावर बसला. सागरने लहान गाडी सर्वात बुटक्या ढिगावर घातली. अर्ध्यात इंजिन गुदमरलं आणि तो गाडीसकट घसरत खाली आला. बळीराम ताडकन उठला. सुकलालने शर्टाला धरून त्याला खाली बसवलं.

“बठ गुमान.”

सागर उठला, गाडी एकट्याने उभी केली आणि पुन्हा चढला. या वेळी माथा ओलांडून तो पलीकडे नाहीसा झाला. बळीरामला ऐकू कमी यायचं, त्यामुळे पलीकडे काय झालं ते सुकलालच्या तोंडावरूनच कळण्यासारखं होतं, आणि सुकलाल तर बिडी शिलगावत होता. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते बळीरामला तेवढ्या वेळात कळलं. मग ढिगाच्या बाजूने सागर गाडी ढकलत आला. शर्टाची बाही फाटली होती, कोपर मातीने माखलं होतं, आणि तो एकटाच हसत होता.

आता पोरगा आपल्याकडे बघणार म्हणून बळीरामने हात वर केला. सागर त्याच्या अगदी पुढून गेला. त्याची नजर ढिगावर होती. कुठून चढायचं, कुठे गॅस सोडायचा, ओठांतल्या ओठांत तो काहीतरी पुटपुटत होता. बाप इथे बसलाय हे तो साफ विसरला होता. बळीरामला क्षणभर वाईट वाटलं, आणि लगेच इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याने वर केलेला हात खाली घेतला आणि सुकलालकडे बिडी मागितली.